शाळेच्या बसमधली मोठी माणसं

मंगळवार, ९ जानेवारी

गाडीच्या डाव्या बाजूला आज पुन्हा ओरखडा. मागे एकदा आरसा गेला, मग मागच्या दाराला पोचा, आता हे. लोकांना गाड्या नीट लावायची अक्कल नाही. मी खाली जाऊन रखवालदाराला चांगलं फैलावर घेतलं, तर तो म्हणतो, "वहिनी, दादांची गाडी आत आली तेव्हा इथे दुसरी गाडीच नव्हती." तोंड वर करून बोलायला बरं जमतं. हे मात्र फडकं घेऊन तो ओरखडा पुसत बसले, जशी काही धूळच बसली आहे.

दुपारी एका नव्या बाईंचा फोन. निवृत्त शिक्षिका, भूगोल शिकवायच्या. मूत्रपिंडं निकामी झालीत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि घरी न्यायला-आणायला कुणी नाही. मी नेहमीचंच सांगितलं, की आमची संस्था रुग्णांना घरून रुग्णालयात नेते, परत आणून सोडते, पैसा घेत नाही. पण गाडी एक, चालवणारे माझे यजमान एकटे, आणि आत माणसं बसतात तीन. "तुमचं नाव लिहून ठेवते," म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आधी कुणीतरी जायची वाट बघायची, असंच ना?" स्पष्टच आहेत बाई. फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली.

शुक्रवार, १२ जानेवारी

रुग्णालयाच्या फाटकाच्या खांबाला आज गाडी घासली. डावीकडेच. आत आमचे शिंपीकाका बसले होते, त्यांना लागलं नाही. (काका एकटेच राहतात, मुलगा दूरदेशी. आमचे सगळ्यांत जुने रुग्ण.) डायलिसिस विभागाच्या मोठ्या सिस्टर बाहेर उभ्या होत्या. त्यांनी ह्यांना हाताला धरून तसंच वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि मला फोन केला.

डावा डोळा जवळजवळ गेलाय. काचबिंदू. वर्षभर तरी असं असणार, म्हणाले. आता गाडी चालवायची नाही, कायमची. मी डॉक्टरांना समजावून सांगितलं, की हे उजव्या डोळ्याने चालवत होते आणि उजवा उत्तम आहे. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मला वाटलं, आता रडतील. घरी आले, जेवले आणि भरदुपारी घोरत झोपले. गेल्या कित्येक महिन्यांत असे झोपले नव्हते. मोठा धक्का बसला की माणसाला अशी झोप येते म्हणतात.

बुधवार, १७ जानेवारी

भाच्याने एक दिवस गाडी चालवली, पुढच्या वेळी त्याला ऑफिस. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी, स्वतःचा ड्रायव्हर एकदा पाठवला आणि तीनदा ऐकवलं. आज काकांना मी भाड्याच्या गाडीतून नेलं. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार हाच की आज कुणाच्या पाया पडायचं. हे गॅलरीत बसून मागच्या मोकळ्या आवाराकडे बघत असतात. तिथे शाळेच्या बसगाड्या उभ्या असतात, दुसरं बघण्यासारखं काहीसुद्धा नाही. मला फार वाईट वाटतं. संस्था ह्यांनी उभी केली, ह्या हातांनी, आणि आता बसून बस बघायच्या.

शुक्रवार, १९ जानेवारी

हे मला न विचारता खाली उतरले, त्या आवारात गेले आणि बसवाल्या मालकाशी बोलून आले! म्हणे, सकाळी मुलांना शाळेत सोडलं की शाळा सुटेपर्यंत बस नुसत्या उभ्या असतात. ड्रायव्हर पत्ते खेळतात. "आपली माणसं त्यात बसतील की," म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, ती लहान मुलांची बस. आणि तो धंदेवाला माणूस. सकाळी उठल्यापासून हॉर्न वाजवून आपली झोप उडवतो तोच ना?"

"तोच. चहा चांगला पाजला त्याने."

ह्यांना कुणीही चहा पाजला की तो माणूस चांगला.

रविवार, २१ जानेवारी

मालक घरी येऊन गेला. जाडजूड, खर्जातला आवाज, खुर्ची करकरली. मी आधीच विचारून टाकलं, "बदल्यात तुम्हाला काय पाहिजे?" असं तोंडावर विचारलेलं बरं.

तो हसला नाही. म्हणाला, "वहिनी, फायदा माझाही आहे, तो लपवत नाही. माझे ड्रायव्हर टिकत नाहीत. सकाळी थोडं काम, दुपारी थोडं, मधे दिवसाचं भोक. बायकामाणसं तर दुसऱ्या महिन्यात सोडून जातात. मधलं काम मिळालं तर माणूस थांबेल. पगारात थोडं तुम्ही घाला, थोडं मी. डिझेल तुमचं, दुरुस्ती माझी."

"आणि बसवर नाव कुणाचं?"

"बसवर शाळेचं नाव आहे. तुमची पाटी काचेत लावा. शाळेच्या वेळेला उलटी करू."

संस्थेचं नाव उलटं करणार! मी वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "आपण सेवाभावी, ते धंदेवाईक. तेल आणि पाणी. कसं जमायचं?" फोन मोठ्या आवाजात होता. हे आतून ओरडले, "तेल आणि पाणी दोन्ही घातल्याशिवाय गाडी चालते का?"

मालक तेव्हा हसला. खुर्ची मोडते की काय वाटलं.

बुधवार, २४ जानेवारी

मोठ्या सिस्टरांकडे गेलो. आमच्यातले काही सकाळच्या पाळीत, काही दुपारच्या. बसला सगळे एकदम हवेत. मला वाटलं, सिस्टर झटकून टाकतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "तुम्ही मला सगळे वेळेवर आणून देणार असाल तर मी यंत्रांची उलथापालथ करते. रोज कुणीतरी उशिरा येतं, मग पुढचे सगळे लटकतात, आणि माझ्या मुली घरी जायच्या राहतात." म्हणजे आमच्या गाडीमुळे त्यांचीही कुतरओढ होत होती की काय? पण त्या आमच्याबद्दल बोलत नसाव्यात. आमची गाडी कधीच उशिरा नसायची. क्वचित.

शाळेचीही लेखी परवानगी मिळाली, मालकाने आणली.

एक अट मी घातली आणि सगळ्यांना ती मान्य करायला लावली: रुग्णांचे फोन नंबर कुणाला द्यायचे नाहीत, सगळे निरोप माझ्यामार्फत. बसवाल्यांनी मला कळवायचं, मी रुग्णांना. शिस्त लागते. दहा तोंडांनी निरोप गेले की गोंधळ झालाच.

सोमवार, ५ फेब्रुवारी

पहिला दिवस. नऊ रुग्ण. भूगोलबाईंनाही जागा मिळाली.

शाळेच्या बसची पायरी आपल्या माणसांना चढायला उंच, म्हणून मालकाच्या वेल्डरने खाली एक जादा पायरी जोडून दिली आणि दांडा बसवला. बसमध्ये मुलांना सांभाळणारी एक बाई असते, तिला सगळे बसताई म्हणतात. तिशीतली, काटक, आवाज असा की वर्गाबाहेर उभ्या पोरानेसुद्धा आत येऊन बसावं. तिने सवयीने आपल्या रुग्णांनाही सांगितलं, "हात खिडकीबाहेर काढायचा नाही! मस्ती नाही!" मी रागावणार होते, तेवढ्यात काका म्हणाले, "नाही काढत हं ताई," आणि सगळे हसले. ड्रायव्हर इतका हडकुळा आहे की त्याला सगळे पैलवान म्हणतात.

मी आज सोबत गेले. फार गोंगाट. खिडकीवरून दोघांचं भांडण झालं. काचेवर पोरांनी चिकटवलेली चित्रं, सीटखाली कुणाचा तरी एक मोजा. भूगोलबाई सगळ्यांत पुढे बसल्या आणि वाटेत कुठली गल्ली कुठे जाते ते मोठ्याने सांगत राहिल्या. ह्यांच्या गाडीत कशी शांतता असायची! कुणी अक्षर बोलत नसे.

उतरताना काकांना विचारलं, "त्रास नाही ना झाला?"

"वहिनी, मजा आली."

बिचारे. माझं मन राखायला म्हणाले.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

बस पाच मिनिटं आधी. काय बोलणार!

गुरुवार, १५ फेब्रुवारी

काकांनी बसताईच्या ब्लाउजची बाही बसमध्ये बसल्याबसल्या उसवून दुरुस्त करून दिली म्हणे. हात थरथरतात म्हणून वर्षभर त्यांनी सुई धरली नव्हती. भूगोलबाई पैलवानच्या मुलीला नकाशे काढून देतात. हे सगळं मला ह्यांच्याकडून कळतं. हे रोज सकाळी बस निघताना खाली जातात आणि अर्धा तास येत नाहीत. मला कुणी काही सांगत नाही. मी फक्त फोनपाशी.

बुधवार, २१ फेब्रुवारी

आज सकाळी साडेसातला ह्यांच्या डोळ्यांची तपासणी होती, मी सोबत गेले होते. आत फोन बंद ठेवायला सांगतात. बाहेर आल्यावर सुरू केला तर निरोपांचा ढीग. शाळेच्या क्रीडामहोत्सवाला मुलांना मैदानावर न्यायचं आयत्या वेळी ठरलं, सगळ्या बस तिकडे गेल्या. मालकाच्या ऑफिसातून सकाळपासून मला फोन. रुग्णांचे मला फोन. सिस्टरांचे मला फोन.

नऊ माणसं आपापल्या दारात उभी. बाकीच्यांनी मिळेल ती गाडी धरली, उशिरा का होईना पोचले. शिंपीकाका नाही पोचले. ते जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले, बस येईलच म्हणून. दुपारी शेजारणीने उठवून घरात नेलं. संध्याकाळी पाय सुजले, श्वास लागला. आत्ता अतिदक्षता विभागात आहेत.

बसवाल्याची चूक. शंभर टक्के. मी आधीपासून सांगत होते.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

वकीलसाहेबांनी सकाळीच सांगितलं, "आजच्या आज बंद करा. धंद्याला शाळा महत्त्वाची, आपली माणसं नाहीत." मी हो म्हटलं. बरोबरच आहे त्यांचं.

हे चहा पिताना म्हणाले, "ताईकडे काकांचा नंबर असता, तर?"

"तर काय?"

"तर तिने आठ वाजताच त्यांना सांगितलं असतं. तिला तेव्हाच कळलं होतं."

ह्यांना व्यवस्था म्हणजे काय ते कधीच कळलं नाही. नंबर ही खाजगी बाब आहे. मी चहाचा कप जरा जोरात ठेवला, त्याचा कान उडाला.

मग रुग्णालयात गेले. काकांना रात्रीच यंत्रावर घेतलं होतं, आता साध्या वॉर्डात आणलंय. पडद्यामागे बघते तर बसताई त्यांना चमच्याने भरवतेय. मुलांना शाळेत सोडून सरळ आली होती. बाहेर बाकावर बसवाला मालक, डोकं भिंतीला, तोंड उघडं, झोपलेला. रात्रभर इथेच होता, असं सिस्टर म्हणाल्या. आपलं नाव खराब होऊ नये म्हणून असेल. पण नाव राखायला आलेला माणूस असा घोरेल का, हेही मनात आलं.

काका मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, "पडून राहा. काळजी करू नका, आजपासून ती बस बंद."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, पुन्हा काही होतंय.

"वहिनी, असं नका करू," म्हणाले. "बस एक दिवस चुकली. बंद झाली तर मी रोजच चुकणार. दादांच्या गाडीतून मी दवाखान्यात जायचो. बसमधून मी माणसांत जातो."

बसताई बशी धुवायला उठली. जाताजाता म्हणाली, "मी आठला तुम्हाला फोन केला होता वहिनी. आणि परत. नंबर असता तर मी थेट काकांनाच सांगितलं असतं." रागाने नाही बोलली. राग असता तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

दोन दिवस विचार केला. आज बैठक. आमच्या दिवाणखान्यात सगळे मावेनात म्हणून मालकाच्या आवारात उभ्या असलेल्या बसमध्येच बसलो. लहान मुलांच्या सीटवर वकीलसाहेबांचे गुडघे हनुवटीला लागत होते, त्यामुळे ते नेहमीपेक्षा थोडक्यात बोलले. सिस्टर ड्यूटी संपवून आल्या. बसताई दारात उभी होती, तिला मी हात धरून आत बसवलं.

मालक आधी बोलला. "चूक माझी. मैदानाचं कळल्यावर एक बस तरी मागे ठेवायला हवी होती. शाळेशी बोललोय. इथून पुढे ही बस डायलिसिसच्या तीन दिवशी कुठेच जाणार नाही. लागली तर मी भाड्याने दुसरी आणीन, पण ही नाही."

मग मी उपाय सुचवला. म्हटलं, बसताईकडे सगळ्या रुग्णांचे नंबर असले पाहिजेत, रुग्णांकडे तिचा. सिस्टरांनी थेट बसला कळवायचं, बसने थेट सिस्टरांना. सगळं माझ्या एकटीच्या फोनमधून जाणं धोक्याचं आहे. सगळ्यांना फार आवडलं. वकीलसाहेब म्हणाले, "ही दूरदृष्टी!" हे खिडकीबाहेर बघत होते. खांदे हलत होते ह्यांचे. खोकला असावा.

आणि आमची गाडी? ती आता मालकाच्या आवारात राहणार. कुणाचं यंत्र वेळेआधी बंद करावं लागलं, कुणाला अचानक न्यावं लागलं, तर ड्रायव्हर तयार असतो. पैलवानने किल्ली घेतली. मला लेकीची पाठवणी केल्यासारखं वाटलं. हे मात्र गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "जा, सुखी राहा," आणि सरळ चालायला लागले.

बुधवार, ६ मार्च

काका परत आले. बसमध्ये टाळ्या वाजल्या म्हणे. मला त्यांचा स्वतःचा फोन आला, "आज खिडकी मिळाली!"

हल्ली माझा फोन फारसा वाजत नाही. सकाळी दोन तास हातात मोकळे. पहिल्या दिवशी मी तो बिघडलाय का ते शेजारणीकडून लावून पाहिलं. आता आठवडाभरात कपाटं आवरून झाली आणि चार नव्या रुग्णांना होकार कळवून झाला. वाट बघणाऱ्यांच्या यादीत कुणी उरलंच नाही. ती वही उघडली, मिटली, पुन्हा उघडून पाहिली.

सोमवार, ११ मार्च

बसवाल्या मालकाची अडचण. त्याच्या दुसऱ्या बसवरची ताई बाळंतपणाच्या रजेवर गेली, आणि शाळा म्हणते, जबाबदार मोठं माणूस असल्याशिवाय बस सोडायची नाही. तो दारात येऊन चुळबुळत उभा राहिला. एवढा मोठा माणूस, आणि मागायला लाजत होता. "तुमच्या संस्थेत कुणी निवृत्त... दुपारपुरतं..."

मी नावं आठवायला लागले तर हे उठून उभेच राहिले. "मी येतो."

"अहो, तुम्ही संस्थापक!" मी म्हटलं.

"मग? संस्थापकाला बसमध्ये बसता येत नाही?"

"आणि डोळा?"

"एक आहे. पोरं पुढून चढतात." आणि मालकाकडे वळून, "उद्यापासून की आजपासून?"

मला रात्रीचं जेवण गेलं नाही. ज्या माणसाने संस्था काढली त्याने पोरांची दप्तरं उचलायची. वकीलसाहेबांना कळलं तर काय म्हणतील!

शुक्रवार, १५ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून लेखी आणलं, की चालणं-फिरणं, मुलांबरोबर बसणं, सगळं चालेल. मी आशेने गेले होते.

ह्यांनी नवी टोपी घेतली.

सोमवार, १८ मार्च

पोरं ह्यांना 'बसआजोबा' म्हणतात. घरी आल्यावर तासभर फक्त पोरांच्या गोष्टी. एक मुलगी रोज उतरताना चप्पल विसरते, एक मुलगा बसमध्ये चढला की गाणं म्हणतो आणि उतरेपर्यंत थांबत नाही. मी विचारलं, "दप्तरं जड असतात का?" तर म्हणाले, "दप्तर उचलू देतील तर ना! मलाच हाताला धरून उतरवतात."

ह्यांनी तीन वाट्या आमटी घेतली. आमटीत आज मीठ जरा जास्तच होतं, तरीही.

माझी समजूत अशी होती की हे मनातून खचलेत आणि वरवर हसतात. पण मनातून खचलेला माणूस आंघोळीला जाताना शीळ घालतो का? गाडी चालवायचे तेव्हा संध्याकाळी आल्यावर तोंडातून शब्द निघत नसे. मी समजायची, थकवा. काही असो. विचारणार नाही. विचारलं तर सांगतील.

बुधवार, ३ एप्रिल

आमच्या संस्थेतल्या आणखी दोघी दुपारच्या बसवर जायला लागल्या. मालकाचे दोन ड्रायव्हर आमच्या रुग्णांचे नातेवाईक असल्यासारखे वागतात. सिस्टरांचा विभाग वेळेवर बंद होतो, त्यांच्या मुलींनी आम्हाला पेढे नाही पण बिस्किटांचा पुडा पाठवला. (गोड आमच्या रुग्णांना चालतं की नाही ह्यावर त्यांच्यातच वाद झाला, म्हणून बिस्किटं.) वकीलसाहेब परवा कुणालातरी सांगत होते, "ही कल्पना आमच्या संस्थेची." मी दुरुस्त करायला गेले, आणि लक्षात आलं की मलाही नेमकं ठाऊक नाही कुणाची ते. ह्यांची म्हणावी तर मालकाने पगाराचं जमवलं, मालकाची म्हणावी तर सिस्टरांनी पाळ्या बदलल्या, आणि सगळं चालवते बसताई.

मालक आता सकाळी हॉर्न वाजवत नाही. उलट मलाच आता जाग येत नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

शाळेला सुट्टी लागली. बस दिवसभर रिकामी, आणि आज कुणाचीच यंत्राची पाळी नाही. मालक म्हणाला, "घेऊन जा की कुठेतरी." कुठे जायचं ह्यावर आठवडाभर खल झाला. भूगोलबाईंनी नकाशा काढला आणि धरणाचा तलाव ठरवून टाकला. मोठ्या सिस्टर रजा काढून आल्या, म्हणाल्या, "तुम्हाला एकटं सोडलं तर काय काय खाल, मला माहीत आहे."

मी पण गेले. पुढे न बसता मागे, सगळ्यांत.

निघालो. गाणी सुरू झाली. आणि मोठ्या चौकात पैलवानने, हात सवयीचे, बस डावीकडे घेतली. रुग्णालयाच्या रस्त्याला! आधी बसताई ओरडली, मग अख्खी बस. "सरळ! अरे सरळ!" काका सीटवरून उभे राहून काठी हलवत होते. पैलवान गोरामोरा झाला. रुग्णालयाच्या फाटकातून वळून बस बाहेर काढली, तर फाटकावरचा माणूस आज सुट्टीच्या दिवशी हे सगळे कसे म्हणून धावत आला. सगळ्यांनी त्याला खिडकीतून हात केले. बाहेर काढायचे नाहीत, तरी. बसताई काही बोलली नाही.

तलाव केवढा! पलीकडचा काठ दिसत नाही. वाऱ्याने सगळ्यांचे केस उभे. भूगोलबाई धरणाची उंची, पाणी कुठून येतं, कुठे जातं सांगत होत्या, आणि आज सगळे ऐकत होते. आमच्या माणसांना पाणी मोजून प्यावं लागतं, जास्त झालं की अंगात साठतं. काका काठावरच्या दगडावर बसले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि पाय पाण्यात सोडले.

"सिस्टर," ते म्हणाले, "एवढं सगळं पाणी आणि मला दिवसाला चार कप?"

सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनीही चपला काढल्या. "पायांनी हवं तेवढं घ्या," म्हणाल्या. "त्याचा हिशोब मी ठेवत नाही."

मग एकेक करून सगळेच बसले, दगडांवर, ओळीने. पैलवान, बसताई, पाटलोण भिजेल म्हणून कुरकुरत वकीलसाहेब, चपला हातात घेऊन मालक. हे माझ्या उजवीकडे बसले होते. ते उठून डावीकडे आले. म्हणाले, "इकडून तू दिसतेस." मी म्हटलं, "बसा गपचूप." आणि पाय पाण्यात सोडले. गार होतं.